घटक ५ : रामकृष्ण गोपाळ भांडारकर – उपासनागृह आणि उपासक

५.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला –
• डॉ. भांडारकर यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून देता येईल.
• परमहंस सभा आणि प्रार्थना समाज यांच्या उपासनापद्धतींतील भेद स्पष्ट करता येईल.
• प्रार्थना समाजाचे मंदिर आणि इंग्लंडमधील क्वेकर पंथाचे सभागृह यांची तुलना करता येईल.
• उपासनेची भाषा आणि सामाजिक आचरण यांचा संबंध सांगता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याची जडणघडण पाहिली. ग्रंथ, नियतकालिके आणि शाळा यांनी ते गद्य घडवले, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्याच काळात मराठी भाषा आणखी एका ठिकाणी नव्याने घडत होती. ते ठिकाण म्हणजे उपासनागृह. तेथे पुजारी नव्हता, मूर्ती नव्हती, नैवेद्य नव्हता. माणसे एकत्र बसत आणि आपल्या भाषेत ईश्वराला आळवीत.

हा घटक मी फर्दापूर येथे बसून लिहीत आहे. छत्रपती संभाजीनगर–जळगाव रस्त्यावरील हे गाव अजिंठ्याच्या लेण्यांच्या वाटेवर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी लेणी पाहिली असतील. नवव्या आणि दहाव्या क्रमांकाची चैत्यगृहे आठवा. ही अजिंठ्यातील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहेत. ती खोदली गेली तेव्हा त्यांत बुद्धाची मूर्ती नव्हती. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला स्तूप आणि मध्ये माणसांसाठी मोकळी जागा, एवढीच त्यांची रचना. पूजेच्या साहित्यापेक्षा जमणाऱ्या समुदायाला महत्त्व देणारे स्थापत्य आपल्या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वीही होते, हे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ. या घटकाचे चरित्रनायक लेण्यांतील प्राकृत लेखांचेही अभ्यासक होते.

डॉ. भांडारकरांना आपण सामान्यतः प्राच्यविद्येचे महापंडित म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्यात उपासनेला किती मोठे स्थान होते, याकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. बंद दाराआडच्या उपासनेपासून उघड्या दाराच्या उपासनेपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः केला. या घटकात त्यांचे चरित्र आपण त्या प्रवासाच्या अंगाने पाहणार आहोत.

५.३ जन्म आणि शिक्षण

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाल्यावर मुलाला इंग्रजी शिक्षणाची संधी मिळाली. पुढील शिक्षणासाठी रामकृष्ण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. तेथे दादाभाई नौरोजी हे त्यांचे एक शिक्षक होते. मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा १८६२ साली प्रथमच उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही होते. दोघांचा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला.

भांडारकरांनी प्रारंभी सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथे मुख्याध्यापक म्हणून काम केले. याच काळात त्यांनी ‘मार्गोपदेशिका’ आणि ‘संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका’ ही संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके लिहिली. दुसऱ्या पुस्तकाचे नाव नीट पाहा. संस्कृत हे मंदिर, आणि हे पुस्तक म्हणजे त्यात प्रवेश करण्याचे साधन, असा त्या नावाचा अर्थ आहे. तोपर्यंत संस्कृत व्याकरण पाठशाळेत, गुरुमुखातून आणि ठरावीक जातींच्या मुलांनाच मिळत असे. शाळेत बसणारा कोणताही विद्यार्थी हाती घेऊ शकेल असे छापील पुस्तक झाल्यामुळे ज्ञानाचा एक दरवाजा उघडला. या पुस्तकांवर पुढील अनेक पिढ्या संस्कृत शिकल्या.

५.४ बंद दाराआडची उपासना : परमहंस सभा

विद्यार्थिदशेतच भांडारकरांचा परमहंस सभेशी संबंध आला. ही सभा १८४९ साली मुंबईत स्थापन झाली. तिच्यामागील प्रमुख प्रेरणा दादोबा पांडुरंग तर्खडकर यांची होती. दादोबांचे नाव तुम्ही मराठी व्याकरणाच्या संदर्भात वाचले आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा ते हेच. भाषेचे नियम शोधणारा माणूस धर्माचेही नियम तपासू लागला, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. रूढ प्रयोगामागील तत्त्व कोणते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

परमहंस सभेचे सभासद एकेश्वरवादी होते. मूर्तिपूजा आणि जातिभेद त्यांना अमान्य होते. सभेत प्रवेश करणाऱ्याला जातीचे बंधन मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या काळी मात्र एवढ्या कारणाने माणूस जातीबाहेर पडत असे. त्याच्या घरचे लग्नकार्य, श्राद्ध आणि पाण्याचा व्यवहारही थांबे.

म्हणून सभेचे सर्व काम गुप्तपणे चाले. बैठका खासगी जागेत होत आणि सभासदांची नावे उघड केली जात नसत. समाजातील पुरेशी माणसे आपल्या बाजूला आली की मगच उघड व्हायचे, असा विचार त्यामागे होता. ती वेळ आली नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली, गडबड उडाली आणि सभा विस्कटली.

या अनुभवातून तरुण पिढीला एक धडा मिळाला. सभेचे विचार निर्भय होते. पण ते बंद खोलीत बोलले जात होते. खोलीत जातिभेद मोडणारा माणूस बाहेर आला की पुन्हा जातीचे नियम पाळू लागे. गुप्तता सभासदांचे रक्षण करीत होती, तशीच ती त्यांच्या विचारांना कसोटीपासूनही दूर ठेवीत होती.

५.५ दार उघडले : प्रार्थना समाज

ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन १८६४ साली मुंबईस आले. त्यांच्या व्याख्यानांनी जुन्या परमहंस मंडळींत पुन्हा चैतन्य आले. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे स्थापनेत अग्रभागी होते. रानडे आणि भांडारकर थोड्याच काळात समाजात आले आणि त्याचे वैचारिक आधारस्तंभ झाले. १८७० साली पुण्यातही प्रार्थना समाज सुरू झाला. १८७० च्या दशकात गिरगावात समाजाचे स्वतःचे मंदिर उभे राहिले. मुंबईतील त्या चौकाला आजही प्रार्थना समाज हेच नाव आहे.

या मंदिराचे वैशिष्ट्य काय होते? येथे गाभारा नव्हता, त्यामुळे गाभाऱ्याचा उंबरठाही नव्हता. कोणी आत जायचे आणि कोणी बाहेरून दर्शन घ्यायचे, हा प्रश्नच या रचनेत उद्भवत नव्हता. उपासना चालविणाऱ्यासाठी एक व्यासपीठ आणि समोर उपासकांसाठी बैठक, एवढेच त्याचे स्वरूप होते. स्त्रियाही उपासनेस येत.

साप्ताहिक उपासनेचा क्रम स्थूलमानाने असा असे. प्रथम उपासकांचे चित्त एकाग्र करणारे उद्बोधन, त्यानंतर ईश्वराचे स्तवन, मग प्रार्थना, त्यानंतर उपदेशपर प्रवचन आणि शेवटी आरती. आरतीत दीप ओवाळण्यासाठी मूर्ती नसे. ती केवळ गायिली जाई. मधूनमधून संतांचे अभंग म्हटले जात. प्रवचनकार व्यवसायाने पुरोहित नसे. न्यायाधीश, डॉक्टर, प्राध्यापक अशा सभासदांपैकीच कोणी तरी उपासना चालवीत असे. प्रवचनासाठी उपनिषदातील वचन घेतले जाई, तसाच तुकारामांचा अभंगही घेतला जाई. कोणताही एक ग्रंथ ईश्वरप्रणीत व अंतिम मानायचा नाही, हे समाजाचे तत्त्वच होते.

भांडारकर पुण्यात डेक्कन कॉलेजात १८८२ पासून १८९३ पर्यंत संस्कृतचे प्राध्यापक होते. त्या काळात आणि निवृत्तीनंतरही पुणे प्रार्थना समाजाच्या उपासना त्यांनी निष्ठेने चालविल्या. ज्यांच्या शब्दाला युरोपातील विद्वानांत मान होता, ते भांडारकर आठवड्याच्या उपासनेत विद्यार्थी, कारकून आणि गृहिणी यांच्यासमोर साध्या मराठीत बोलत असत.

५.६ तुलनेसाठी : क्वेकरांचे सभागृह

हा प्रयोग अधिक स्पष्ट होण्यासाठी इंग्लंडमधील एका पंथाकडे पाहू. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने तेथे मित्रसमाज नावाचा ख्रिस्ती पंथ उदयास आला. ईश्वराच्या नावाने कापणारे म्हणून लोक त्यांना थट्टेने क्वेकर म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झाले. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश आहे, त्यामुळे मध्ये पाद्री असण्याची गरज नाही, असे ते मानीत.

त्यांच्या उपासनास्थानाला चर्च म्हणत नाहीत. ‘मीटिंग हाउस’, म्हणजे एकत्र जमण्याचे घर म्हणतात. इंग्लंडमधील जॉर्डन्स येथे १६८८ साली बांधलेले असे एक घर प्रसिद्ध आहे. बाहेरून ते खेड्यातील एखाद्या विटांच्या घरासारखेच दिसते. आत वेदी नाही, क्रूस नाही; लाकडी बाके आहेत. परंपरागत क्वेकर उपासनेत माणसे येतात आणि शांत बसतात. ठरलेले स्तोत्र नाही, प्रवचन नाही. आतून प्रेरणा झाली तर कोणीही, स्त्री असो वा पुरुष, उठून चार शब्द बोलतो आणि पुन्हा बसतो. कधी कधी सर्व वेळ मौनातच जातो. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन करून सभा संपते.

येथे एक ऐतिहासिक मुद्दा महत्त्वाचा आहे. १६६४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अधिकृत चर्चबाहेरील उपासनासभांवर बंदी आली. शिक्षा टाळण्यासाठी इतर अनेक पंथ लपून जमू लागले. क्वेकरांनी मात्र आपल्या सभा उघडपणे चालू ठेवल्या. सभागृहाला कुलूप लागले तर ते रस्त्यावर जमत. काही गावांत मोठी माणसे तुरुंगात गेल्यावर मुलांनी उपासना चालू ठेवली. १६८९ च्या सहिष्णुता कायद्यानंतर त्यांना मोकळीक मिळाली.

परमहंस सभा आणि क्वेकर यांची ही तुलना करताना घाईने निवाडा करू नका. क्वेकरांसमोर सरकारचा तुरुंग होता. परमहंस सभेसमोर जातीचा बहिष्कार होता. तुरुंगाची मुदत संपते. बहिष्कार मुलांच्या लग्नापर्यंत आणि स्वतःच्या अंत्यविधीपर्यंत पोचतो. तरीही दोन्ही इतिहासांतून एकच गोष्ट दिसते : उपासनेचे दार उघडे राहिले तरच तिच्यातील तत्त्वाची परीक्षा होते. प्रार्थना समाजाने दार उघडले, ही त्याची मोठी कामगिरी आहे.

दोहोंत भेदही आहे. क्वेकरांची उपासना मौनावर उभी आहे, तर प्रार्थना समाजाची शब्दांवर आणि गायनावर. याचे कारण वारकरी परंपरेत शोधावे लागते. महाराष्ट्रातील माणसाला एकत्र जमून ईश्वरस्मरण करायचे म्हटले की कीर्तन आणि भजनच आठवते. समाजाने मूर्ती सोडली, पण अभंग सोडला नाही.

५.७ उपासनेची भाषा

आता भाषेच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे असा मुद्दा पाहू. मराठीत समोरच्या माणसासाठी तू, तुम्ही आणि आपण अशी तीन सर्वनामे आहेत. त्यांच्या निवडीत नाते असते, तसाच दर्जाही असतो. आईला आपण तू म्हणतो, ते जवळिकीने. जुन्या गावगाड्यात वरच्या जातीचा मुलगा खालच्या मानलेल्या जातीतील वृद्धालाही अरे-तुरे करी आणि त्या वृद्धाने मात्र त्याला अहो-जाहो करावे अशी अपेक्षा असे. एकाच सर्वनामात माया आणि अवहेलना दोन्ही राहू शकतात.

संतांनी ईश्वराला तू म्हटले. प्रार्थनेच्या वेळी न्यायमूर्ती आणि कारकून दोघेही त्या एकाच सर्वनामाने ईश्वराला हाक मारतात. त्या क्षणापुरते व्याकरण सर्वांना समान करते. क्वेकरांनी हीच गोष्ट रस्त्यावर आणली. त्यांच्या काळच्या इंग्रजीत बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाला एकवचनी आणि वरिष्ठाला अनेकवचनी सर्वनाम वापरीत. क्वेकरांनी सर्वांना, अगदी न्यायाधीशालाही, एकवचनी सर्वनामानेच संबोधले आणि त्यासाठी शिक्षाही भोगली.

भांडारकरांसारख्या भाषाशास्त्रज्ञाला भाषेचे हे सामर्थ्य अपरिचित नव्हते. १८७७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि आधुनिक भारतीय भाषा यांचा सलग विकासक्रम त्यांनी त्यांत मांडला. मराठी ही भ्रष्ट झालेली संस्कृत नव्हे, तर नियमाने बदलत आलेली भाषा आहे, ही दृष्टी त्यातून अभ्यासकांना मिळाली. जी भाषा नियमबद्ध आणि स्वयंपूर्ण आहे, तिच्यात ईश्वराशी बोलण्यात उणेपणा कसला? प्रार्थना समाजाची मराठी उपासना आणि भांडारकरांचे भाषाशास्त्र यांची सांगड येथे बसते.

५.८ आचरणाची कसोटी

मंदिराचे दार उघडे झाले. घराचे दार उघडणे बाकी होते. प्रार्थना समाजाने सभासदांवर जातिभेद सोडण्याची सक्ती केली नाही. मंदिरात एकेश्वराची उपासना करणाऱ्या कित्येकांच्या घरी जुने संस्कार आणि सोवळेओवळे चालूच राहिले. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाच्या तळातून आलेल्या या चळवळीने सुशिक्षित उच्चवर्णीयांच्या सौम्य सुधारणेवर टीका केली. ती टीका गांभीर्याने घेतल्याशिवाय प्रार्थना समाजाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

स्वतः भांडारकरांवर ही कसोटी घरातच आली. त्यांची एक कन्या विधवा झाली. विधवाविवाहाला शास्त्राचा विरोध नाही, असे प्रतिपादन करणे विद्वानाला कठीण नव्हते. आपल्याच मुलीचा पुनर्विवाह करणे मात्र वेगळे होते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांनाही प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे नमून अल्पवयीन कुमारिकेशी विवाह करावा लागला होता. भांडारकरांनी ज्ञातीचा रोष पत्करून कन्येचा पुनर्विवाह घडवून आणला. परमहंस सभेत जे बंद खोलीत चालत होते, ते आता त्यांच्या घराच्या अंगणात सर्वांसमक्ष झाले.

१८९१ च्या संमतिवयाच्या वादातही त्यांनी भूमिका घेतली. मुलीचा विवाह वयात आल्यावर करण्यास धर्मशास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथाधाराने दाखविले. लोकमान्य टिळकांसारखे समर्थ प्रतिपक्षी समोर असताना त्यांनी आपले मत मागे घेतले नाही.

अस्पृश्यतेच्या प्रश्नावर प्रार्थना समाजाच्या वर्तुळातून पुढचे पाऊल विठ्ठल रामजी शिंदे यांनी टाकले. ऑक्सफर्ड येथे धर्माचे शिक्षण घेऊन १९०३ साली परतलेले शिंदे मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ साली त्यांनी निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली. १९१२ साली पुण्यात या प्रश्नावर परिषद भरली, तेव्हा पंचाहत्तरीतील भांडारकरांनी तिचे अध्यक्षपद स्वीकारले. गाभारा नसलेल्या मंदिराचा अर्थ गावकुसापर्यंत न्यायचा, हे काम मात्र शिंद्यांच्या पिढीचे होते आणि त्यासाठी त्यांना समाजाच्या चौकटीबाहेरही जावे लागले.

५.९ उत्तरायुष्य

भांडारकरांना मानसन्मान भरपूर मिळाले. १८८५ साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पुढच्याच वर्षी ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस उपस्थित राहिले. १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९११ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. दख्खनचा प्राचीन इतिहास त्यांनी १८८४ साली शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांच्या आधारे लिहिला. १९१३ साली वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात नामदेव आणि तुकाराम यांनाही स्थान आहे. ज्या अभंगांवर उपासनेत प्रवचन करायचे, त्यांचाच इतिहासाच्या शिस्तीने अभ्यास करायचा, या दोन भूमिका त्यांनी एकत्र सांभाळल्या. श्रद्धेसाठी पुरावा वाकवला नाही आणि पुराव्यासाठी श्रद्धा टाकून दिली नाही.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह त्या संस्थेला दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

५.१० सारांश

विद्यार्थी मित्रहो, भांडारकरांचे चरित्र तीन दारांचे आहे असे म्हणता येईल. पहिले परमहंस सभेचे, जे आतून बंद होते. दुसरे प्रार्थना समाजाच्या मंदिराचे, जे सर्वांसाठी उघडे झाले. तिसरे त्यांच्या स्वतःच्या घराचे, जे त्यांनी कन्येच्या पुनर्विवाहाच्या वेळी उघडले. क्वेकरांच्या सभागृहाशी तुलना केली असता पुरोहिताचा अभाव, साधी वास्तू आणि सामान्य सभासदाचा सहभाग हे साम्य दिसते. मौन आणि गायन हा भेद दिसतो. प्रार्थनेतील समता व्यवहारात किती उतरली, हा प्रश्न दोन्ही समुदायांना लागू आहे. प्रार्थना समाजाच्या बाबतीत त्याचे उत्तर अंशतः होकारार्थी आणि अंशतः नकारार्थी द्यावे लागते.

५.११ पारिभाषिक शब्द

एकेश्वरवाद – ईश्वर एकच आहे असे मानणारे मत.
उद्बोधन – उपासनेच्या आरंभी चित्त जागृत करणारे निवेदन.
चैत्यगृह – स्तूप असलेले बौद्ध उपासनागृह.
संमतिवय – वैवाहिक संबंधांसाठी कायद्याने ठरविलेले मुलीचे किमान वय.

५.१२ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. परमहंस सभेने गुप्तता का स्वीकारली? तिचे परिणाम कोणते झाले?
२. प्रार्थना समाजाच्या उपासनेचा क्रम सांगून तीवरील वारकरी परंपरेचा प्रभाव स्पष्ट करा.
३. बंदीच्या काळातील क्वेकरांचे वर्तन आणि परमहंस सभेचे वर्तन यांची तुलना करा. तुलना करताना दोहोंसमोरील धोक्यांचे स्वरूप लक्षात घ्या.
४. भांडारकरांचे भाषाशास्त्र आणि त्यांची उपासना यांत तुम्हाला कोणता संबंध दिसतो?

उपक्रम : तुमच्या गावातील एका उपासनास्थानास भेट द्या. तेथे कोण आत बसते, कोण बोलते आणि कोण बाहेर थांबते, याची नोंद करा. ईश्वराला आणि परस्परांना कोणत्या सर्वनामाने संबोधले जाते, तेही लिहा. ही नोंद दोन पृष्ठांची असावी आणि तिच्यात निष्कर्षापेक्षा निरीक्षणाला अधिक जागा द्यावी.